खाडीच्या तोंडाशी चालणारा ठिपका

श्रावण अर्धा सरला की आमच्या कोळीवाड्यात रंगाचा वास सुटतो. पावसाळाभर पुळणीवर ओढून ठेवलेल्या बोटींवरचे माडाचे झाप उतरतात. कुणी फळ्यांमधल्या भेगांत कापूस ठोकत असतं, कुणी बोटीवरचं नाव नव्याने रंगवत असतं. मधूनच एक सर येऊन ओला रंग ओघळवून जाते आणि सगळे मिळून तिला शिव्या देतात. थळच्या कारखान्याच्या धुराड्यातला पांढरा धूर अजून किहीमच्या बाजूला कललेला असतो. एखाद्या सकाळी तो सरळ वर जाताना दिसला की म्हातारी माणसं हातातलं काम थांबवून तिकडे बघत राहतात. वारा पडला. आता दर्या फार दिवस अडवून धरणार नाही.

या दिवसांत माझी बोटं शिवशिवायला लागतात. मी कपाटातून लॅपटॉप काढते, त्याची वायर काढते, आणि एका जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवलेला काळा, गोल, पेढ्याएवढा जीपीएस रिसीव्हर काढते. मोजा आमच्या ह्यांचा आहे. ते माणगावला दुकान सांभाळतात आणि फोनवर विचारतात, "दुसऱ्या पायाचा कुठे गेला?" मी सांगत नाही.

मी भूगोल शिकवला. आयुष्यभर. माणगावच्या शाळेत भिंतीवरच्या गुंडाळीच्या नकाशासमोर लाकडी पट्टी घेऊन उभी राहिले आणि प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारला, "आपण कुठे आहोत?" एखादी धीट मुलगी पुढे यायची आणि नकाशावर बोट ठेवायची. त्या एका बोटाखाली माणगाव, महाड, अलिबाग, आख्खा रायगड झाकून जायचा. वर्ग हसायचा, मीही हसायचे. पण तो नकाशा कधी आमच्याशी बोलला नाही. आपण वर्गातून उठून मैदानात गेलो तरी त्याला पत्ता नसायचा. नकाशाला आपलं चालणं कळावं, आपण पाऊल उचललं की त्यानेही हलावं, असं काही असतं हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. वय झाल्यावर प्रेमात पडावं तसं झालं ते.

तेव्हाचा तो पावसाळा. निवृत्तीनंतर मी माहेरी, कोळीवाड्यात येऊन राहिले होते. कारण माझा धाकटा भाऊ मोरेश्वर. आम्ही त्याला मोरू म्हणतो.

आदल्या वर्षी, हंगामाच्या पहिल्याच दिवशी, मोरूची बोट खाडीच्या तोंडाशी आडवी झाली होती. आमची खाडी तशी लहानशी. पण तिच्या तोंडाशी वाळूचा एक लांब दांडा आहे, आणि तो एका जागी राहत नाही. दर पावसाळ्यात लाटा त्याला उचलून दुसरीकडे नेऊन ठेवतात. गेल्या वर्षीची वाट यंदा असेलच असं नाही. भरतीच्या भर पाण्यात कुणीही सुखरूप बाहेर पडतं. खरी परीक्षा ओहोटीला परत येताना. खाडीतलं पाणी जोराने बाहेर येत असतं, समुद्राची लाट आत येत असते, दोघं दांड्यावर भिडतात आणि पाणी उभं राहतं. मोरू नेहमीच्या वाटेने आत आला आणि नेहमीची वाट तिथे नव्हती. बोट वाळूत रुतली, मागून लाट आली, सुकाण तुटलं, आणि मोरू खांद्यावर आपटून पाण्यात पडला. दुसऱ्या बोटीवाल्यांनी ओढून काढला. बोटीची डागडुजी झाली, खांदाही बसवला गेला. पण मोरू पुन्हा बोटीवर चढला नाही. आख्खं वर्ष बोट झापांखाली राहिली. तो पुळणीवर बसून दुसऱ्यांची जाळी विणून द्यायचा आणि समुद्राकडे पाठ करून बसायचा.

हे पाठ करून बसणं मला त्याची बायको जयू हिने सांगितलं. जयू अलिबागच्या बाजारात मासळी विकते, तिचा आवाज तीन गल्ल्या ऐकू जातो. पण हे सांगताना ती कुजबुजली. "रेवसकडचा एक गिऱ्हाईक बोट बगून गेलाय. नारली पुनव झाली की सांगतो म्हनालेत हे. बाय, ते बोट न्हाय इकणार, ते सोताला इकतील."

म्हणून मी आले. पण येऊन काय करणार होते? भूगोलाच्या बाईने भावाला काय सांगायचं, खारे वारे आणि मतलई वारे?

अलिबागच्या एका कॉलेजात तस्नीम भूगोल शिकवते. माझ्याच वर्गात शिकलेली, तेव्हा शेवटच्या बाकावर बसून नद्या रंगवायची. एका पावसाळी दुपारी तिला भेटायला गेले. ती लॅपटॉपवर काहीतरी करत होती. पडद्यावर आमच्या किनाऱ्याचं उपग्रहाचं चित्र होतं. थळ, खांदेरी-उंदेरीची बेटं, किहीमच्या माडांचा हिरवा पट्टा. आणि त्या चित्रावर एक लहानसा ठिपका लुकलुकत होता.

"हे काय गं?"

"आपण, बाई." तिने खिडकीच्या गजाला चिकटवलेल्या काळ्या गोळ्याकडे बोट दाखवलं. "हा वरच्या उपग्रहांचं ऐकतो आणि वायरीतून लॅपटॉपला सांगतो. सॉफ्टवेअर तो ठिपका आपल्या नकाशावर ठेवतं. नकाशा कुठलाही चालतो. तुम्ही स्वतः काढलेला पण."

स्वतः काढलेला पण! मी तिचा चहा तसाच ठेवला. "तस्नीम, समुद्राच्या तळाचा काढता येईल? खोली मोजून?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग हसली. "बाई, या दोन वस्तू आजच घेऊन जा. लॅपटॉप जुना आहे, रिसीव्हरपण जुना. पण जोडताना सब्र ठेवा. दोघं एकमेकांशी लगेच बोलत नाहीत."

दोघं बोललेच नाहीत. दोन दिवस! मी ओटीवर लॅपटॉप घेऊन बसले. बाहेर पाऊस, आत मी. रिसीव्हरची वायर लावली की लॅपटॉप "टिंग" करायचा, म्हणजे पाहुणा आलाय हे त्याला कळायचं. पण सॉफ्टवेअरमध्ये "जोडा" म्हटलं की "सापडत नाही". तस्नीमने फोनवर सांगितलं की लॅपटॉपला आत बरीच दारं असतात, प्रत्येकाला नंबर, आणि रिसीव्हर कुठल्या दारातून आलाय ते आपण शोधून सॉफ्टवेअरला सांगायचं. मी एकेक दार ठोठावत गेले. एक दार उघडलं! आणि पडद्यावर नुसता कचरा. चौकोन, प्रश्नचिन्हं, वेडीवाकडी अक्षरं. जयू मागे उभी राहून म्हणाली, "बाय, ह्यो काय मंतर म्हनतंय?"

पुन्हा फोन. "वेग चुकलाय, बाई. तो हळू बोलतोय आणि लॅपटॉप भरभर ऐकतोय. वेगाचा आकडा कमी करा."

केला. आणि कचऱ्याच्या जागी ओळी यायला लागल्या. स्वच्छ, एकाखाली एक, दर सेकंदाला नवी. प्रत्येक ओळ डॉलरच्या खुणेने सुरू होणारी, पुढे आकडे, स्वल्पविराम, आकडे. मला त्यातलं काही समजत नव्हतं आणि तरी मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. तो बोलत होता! दर सेकंदाला, न थकता बोलत होता.

मग मी नकाशा उघडला. आमचा किनारा समोर. ठिपका? कुठेच नाही. नकाशा लहान केला. महाराष्ट्रात नाही. आणखी लहान केला. भारतात नाही! शेवटी सगळं जग पडद्यावर आणलं तेव्हा तो सापडला. आफ्रिकेच्या पोटाशी, गिनीच्या आखातात, निवांत पाण्यात बसलेला. मी इतकी हसले की जयू चुलीपुढून धावत आली. शून्य अक्षांश, शून्य रेखांश! विषुववृत्त आणि मूळ रेखावृत्त जिथे एकमेकांना छेदतात तो बिंदू. वर्गात मी तो किती वेळा विचारला असेन, आणि मुलांना वाटायचं, त्या जागेचं कुणाला काय काम. आता आमची ओटी तिथे होती. रिसीव्हरला एकही उपग्रह दिसत नव्हता, म्हणून तो शून्य-शून्य म्हणत राहिला होता. वर पत्रा, पत्र्यावर पाऊस.

"जयू, अंगणात चल!"

पाऊस थांबला होता. जयूने लॅपटॉप आरतीच्या ताटासारखा दोन्ही हातांवर धरला, मी रिसीव्हर तळहातावर घेऊन आभाळाखाली धरला. आम्ही दोघी चिखलात उभ्या. शेजारच्या घरातून कुणीतरी विचारलं, काय चाललंय. काय सांगणार! पडद्यावर काही हलेना. मी मनात म्हटलं, बघ रे, वर बघ. आणि मग ठिपका आफ्रिकेतून नाहीसा झाला. मी नकाशा घाईघाईने मोठा केला, अरबी समुद्र, किनारा, थळ, आमची खाडी, आमची वाडी. आणि तिथे, विहिरीच्या अलीकडे, फणसाच्या हिरव्या डागाला लागून, आम्ही!

"चाल," मी म्हटलं. आम्ही चाललो. ठिपका चालला. विहिरीला वळसा घातला, त्यानेही घातला, थोडा मागून, लहान मूल आईच्या मागून येतं तसा. जयू ओरडली, "अगो बाय माजे! आपन चालतोय!" आणि ती नकाशाकडे बघत सरळ तुळशीवर जाऊन आदळली.

मोरू पडवीत जाळं विणत होता. त्याने मान वर केली. आमच्याकडे बघून म्हणाला, "ह्यो मोबाईलमदी बी असतो."

"असतो. पण मोबाईलच्या नकाशात समुद्र कसा असतो?"

मी लॅपटॉप त्याच्यासमोर नेला. "मोबाईलमध्ये समुद्र म्हणजे नुसता निळा कागद. सपाट. तिथे ठिपका असला काय नि नसला काय. मला त्या कागदाखाली काय आहे ते काढायचंय. खाडीच्या तोंडाशी. तू शिसं टाक, मी लिहिते."

"मी न्हाय जायाचा त्या तोंडाशी."

"बोट नको. छोटी होडी. आणि भांगाच्या दिवशी, पाण्याला जोर नसताना."

त्याने जाळ्याची गाठ मारली, दोरा दाताने तोडला. पण अष्टमीला सकाळी मी उठले तेव्हा तो अंगणात शिशाचा गोळा बांधलेली आमच्या वडिलांची, आबांची जुनी दोरी ताणून, तिच्या खुणा तपासत बसला होता. दोन्ही हात पसरले की एक वाव. तो हात पसरत होता आणि उजवा खांदा दुखला की थांबत होता.

अष्टमीला भरती-ओहोटीचा जोर कमी असतो, पाणी सुस्त असतं. त्या दिवशी पावसानेही उघडीप दिली होती. होडी फायबरची. रिसीव्हरच्या पोटात लोहचुंबक असतं, पण फायबरला तो चिकटणार कसा? जयूने तिच्या जेवणाच्या डब्याचं झाकण काढून दिलं. ते होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोरीने बांधलं आणि रिसीव्हर त्यावर टक्कन बसला. लॅपटॉप मासळीच्या क्रेटमध्ये, वर पारदर्शक प्लास्टिक, आणि उन्हात पडदा दिसावा म्हणून त्यावर माझी काळी छत्री. समुद्रविज्ञानाचा एवढा थाट कुणी पाहिला नसेल.

जयू धक्क्यावर बसली. तिच्यासमोर पाण्यात एक बांबू रोवला होता, त्याला खुणा केलेल्या. आम्ही मोजत असताना पाणीही चढत-उतरत राहणार, म्हणून ते किती चढलं-उतरलं हे तिने फोनवर सांगायचं होतं. ती सांगायचीही. "पानी दुसऱ्या रेघंला. आनी बाय, पलीकडं ती शेवंता उबी हाय, इचारतेय तुमी काय शोदताव. मी सांगितला, सोना."

मोरू शिसं टाके. दोरी हातातून सरसरत जाई, मग ढिली पडे. तो खूण बघून म्हणे, "दीड वाव." मी लॅपटॉपवर ठिपका जिथे असे तिथे खूण करून आकडा लिही. "एक." "अर्दी." "अर्दी." "वालू!" आणि होडी खर्रकन घासली. पडद्यावर बघितलं तर काय, उपग्रहाच्या चित्रात तिथे गडद निळं, खोल पाणी होतं. ते चित्र गेल्या वर्षीच्या पावसाळ्याच्या आधीचं. ती मोरूची जुनी वाट होती. त्याने खाली वाकून वाळूला हात लावला. गेल्या वर्षी याच भरवशावर तो आत आला होता.

मग आम्ही दक्षिणेकडे, खडपाच्या दिशेने सरकत गेलो. तिकडे काळे खडक आहेत, ओहोटीला दातांसारखे वर येतात. तिकडे आमच्याकडचं कुणी जात नाही. पडद्यावर ठिपका कोरड्या, पांढऱ्या वाळूवर चढला. चित्रातल्या वाळूवर.

"टाक."

"इथं काय असणार?"

"टाक तर."

शिसं गेलं. दोरी सरसरली. सरसरतच राहिली. मोरूचे डोळे दोरीवर, माझे पडद्यावर. चित्रात आम्ही किनाऱ्यावर बसलो होतो आणि खाली शिसं बुडतच चाललं होतं.

"दोन वाव," तो म्हणाला. आवाज बदलला होता. त्याने दोरी ओढून पुन्हा टाकली, जणू पहिल्यांदा खोटं सांगितलं असेल. "दोन वाव, बाय! वर थोरी जास्त!"

त्यानंतर मला त्याला "टाक" म्हणावं लागलं नाही. तोच सांगू लागला, थोडं पुढे घे, थोडं आत. खांदा दुखतोय हे विसरून तो टाकत होता, ओढत होता. पुढच्या उघडिपीत आम्ही पुन्हा गेलो, आणि पुन्हा. संध्याकाळी मी खोलीप्रमाणे खुणांना रंग दिले. उथळ ती फिकट, खोल ती गडद. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि मग ती दिसली. गडद निळी पट्टी. खडपाच्या कुशीतून निघून, मधोमध एक ठळक वळण घेऊन, खाडीत शिरणारी. वाट! लाटांनी पावसाळाभर खणलेली, कुणी न चाललेली नवी वाट. जयूने पडद्याला नमस्कार केला. मोरू मात्र म्हणाला, "वाट हाय. पन खडपाच्या अंगावरनं जानार कोन?"

मी नकाशा साठवला आणि लॅपटॉप मिटला.

यंदाही आम्ही मोजलं. वाळू पुन्हा सरकली आहे, गेल्या वर्षीची गडद पट्टी यंदा फिकट पडली आहे. पूर्वी मला वाटायचं, नकाशा एकदा काढला की काढला, भिंतीवर टांगला, पिढ्या शिकल्या. आता दर श्रावणात जुना नकाशा खोटा ठरतो आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. उलट अंगात वारं शिरतं. वाड्यातल्या बायका विचारतात, "बाय, अवंदा कवा जाताव मोजाया?" शेवंता आता धक्क्यावर जयूच्या शेजारी बसते, तिच्याकडे दुसरा बांबू असतो आणि दोघींची रेघांवरून भांडणं होतात. थळच्या एका बोटवाल्याने स्वतःचा रिसीव्हर आणलाय, तो माझ्याकडे जोडून घ्यायला येतो. त्याच्या लॅपटॉपचं दार वेगळं, वेग वेगळा. मी त्याला सांगते, सब्र ठेव.

पण पहिल्या वर्षाची पौर्णिमा ती पहिल्या वर्षाचीच.

सकाळी मोरूला राखी बांधली. ओवाळताना त्याने विचारलं, "बाय, तू येशील बोटीत?" एवढंच. जयूने तबक तिथेच ठेवलं आणि डब्याचं झाकण आणायला आत धावली. वाजतगाजत नारळ समुद्रावर नेला, आणि दुपारच्या भरतीला आमच्या वाडीतल्या बोटी बाहेर पडल्या. त्यात वर्षभर झापांखाली पडलेली मोरूचीही होती. इंजिन पहिल्यांदा खोकलं, मग लागलं. रिसीव्हरचं झाकण केबिनच्या टपावर बांधलेलं, वायर खिडकीतून आत, लॅपटॉप माझ्या मांडीवर. भरतीचं भर पाणी, दांडा कुठे होता कळलंसुद्धा नाही. ठरलं होतं की बाहेर नारळ सोडायचा, एक जाळं नावाला टाकायचं आणि पुढच्या भरतीपर्यंत, म्हणजे पार मध्यरात्र उलटेपर्यंत, बाहेर थांबून मग आत यायचं. सगळे तसंच करणार होते.

दुपार कलली आणि खांदेरीच्या मागून आभाळ काळं व्हायला लागलं. आधी एक रेघ, मग भिंत. वारा गार झाला. बाहेर थांबलेल्या बोटी एकमेकींना हाका मारू लागल्या. वादळ बाहेर राहून सोसायचं की ओहोटीतून आत शिरायचं? पाणी उतरत होतं. लांबून दांड्यावर पांढरं उभं राहिलेलं दिसत होतं आणि त्याचा आवाज ऐकू येत होता.

मोरूने सुकाण धरलेलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मी लॅपटॉप घट्ट धरला, आणि खरं सांगते, मनात निम्मी भीती होती, निम्मं दुसरंच काहीतरी.

"बाय, सांग."

"खडपाकडे," मी म्हटलं. "सरळ खडपाकडे. वळण आलं की सांगते."

त्याने बोट वळवली. मागून लाटा उचलत होत्या आणि सोडत होत्या. पडद्यावर ठिपका गडद पट्टीच्या तोंडाशी आला, आत शिरला. "डावीकडे थोडं. अजून. बस." डाव्या बाजूला लाटा वाळूवर फुटत होत्या, उजव्या बाजूला काळे दात. मधे आम्ही. "आता सरळ. वळण पुढे आहे." आणि एका लाटेने बोट अशी उचलून आपटली की लॅपटॉप मांडीवरून घसरला. मी पकडला. ठिपका जागच्या जागी थिजला.

वायर निसटली होती. मी ती परत खोचली. टिंग! "जोडा" म्हटलं. "सापडत नाही." पुन्हा. "सापडत नाही."

"बाय, वलन कुटं?"

काय सांगू? अंदाजाने काही सांगावं असं क्षणभर जिभेवर आलं. "मोरू, मला दिसत नाहीये. ठिपका गेला."

मला वाटलं तो सुकाण सोडेल. एक लाट आली आणि गेली. मग त्याचा आवाज आला, शांत, पूर्वीचा. "बरा. तू त्याला आन. तवर मी बगतो."

मी मान वर केली तेव्हा तो समोरच्या पाण्याकडे बघत होता. वर्षभर ज्याच्याकडे पाठ केली त्याच्याकडे. दोन्ही हात सुकाणावर, दुखरा खांदा वर उचललेला. लाट कुठे फुटतेय, कुठे नुसती फुगून जातेय, हे तो बघत होता. मला एकदम आठवलं. दार! वायर काढून घातली की कधीकधी रिसीव्हर दुसऱ्याच दारातून आत येतो. मी पुढचा नंबर टाकला. नाही. त्याच्या पुढचा. ओळी आल्या! डॉलर, आकडे, स्वल्पविराम. ठिपका उडी मारून पुढे आला आणि मी ओरडले, इतक्या मोठ्याने की घसा बसला, "मधोमध! मोरू, तू मधोमध आहेस! वळलास तू!"

तो वळण घेऊन गेला होता. मी न सांगता. ठिपका त्या गडद पट्टीच्या ऐन मध्यावर, वळणाच्या पलीकडे चालला होता.

"ठावं हाय मना," तो म्हणाला आणि हसला. वर्षाने.

खाडीतलं पाणी सपाट झालं तेव्हा मी मागे बघितलं. आमच्या मागून दुसरी बोट येत होती. तिच्या मागे तिसरी. पावसाची भिंत त्यांच्या पाठीवर आलेली, आणि एकेक बोट खडपाच्या अंगावर यायची, आता आपटते की काय वाटायचं, आणि नेमक्या त्याच जागी वळायची. पडद्यावर निळ्या रंगाने काढलेलं वळण समुद्रावर बोटींनी काढलं जात होतं. शेवटची बोट आत आली तेव्हा मी टाळ्या वाजवत होते आणि लॅपटॉपवर पावसाचे थेंब पडत होते.

धक्क्यावर आख्खी वाडी. जयू सगळ्यांत पुढे, पदर तोंडात धरलेला. मोरूने दोरी फेकली, ती तिनेच पकडली आणि खुंट्याला वेढे दिले. त्याने धक्क्यावर उडी मारली, खांदा चोळला, आभाळाकडे एकदा बघितलं. आम्ही सगळे तो काय बोलतोय याची वाट बघत उभे होतो.

"ह्यो पाऊस तासाभराचा हाय," तो जयूला म्हणाला. "बरफवाल्याला फोन कर. उद्याच्या भरतीला बोट भायेर काडायची."